कपाटाचा तडकलेला आरसा: काढायचा कसा, कापायचा कुणी, बसवायचा कसा

प्रश्न असा आहे: आजीच्या वेळचं सागवानी कपाट, दाराला ४८ बाय १५ इंचांचा आरसा, काठाला बेव्हल, म्हणजे तिरकी घासलेली कड. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून तडा निघून तिरका वर गेलाय. काच कापायचा कटर हल्ली कुठेही स्वस्तात मिळतो, मग नवा आरसा घरीच कापून बसवावा का? आणि जुन्याच्या शाबूत भागातून बेसिनवर लावायला लहान आरसा निघेल का?

आरसा घरी बसवा, कापून मात्र दुकानातून आणा. कापणं फार धोक्याचं आहे म्हणून सांगत नाही; बेव्हल मशीनवर होतं आणि पहिला प्रयोग चार फुटी आरशावर करू नये, म्हणून सांगतोय. आमच्या धंद्यात हाताला टाके पडतात ते बहुतेक वेळा फुटकी काच चौकटीतून काढताना, नाहीतर धड काच उचलून नेताना. कटर चालवताना क्वचित. लोकांचं नेमकं उलट असतं. कापायच्या वेळी श्वास रोखून उभे राहतात आणि तडकलेला आरसा मात्र पायात स्लिपर, हात उघडे, अशा थाटात ओढून काढतात. म्हणून इथे काढण्यावर आणि मापावर जास्त लिहितोय. मी चिपळुणात काच आणि फ्रेमिंगचं काम करतो, त्यामुळे काही गोष्टी दमट हवेच्या अंगाने येतील. घाटावर राहत असाल तर त्या थोड्या सैल करून घ्या.

आज करायचं काम एकच. आरशाच्या पुढच्या बाजूवर रुंद पॅकिंग टेप आडवी-उभी, एकमेकींवर थोडी चढवून लावा. वह्यापुस्तकांना लावतो ते चिकट पारदर्शक कव्हर असेल तर त्याहून चांगलं. तडा किती खोल आहे हे बघायला बोट फिरवू नका. टेपने तडा थांबत नाही, पण पुढे काच फुटलीच तर तुकडे जागेवर राहतात. मग दार बंद करून ठेवा आणि घरातल्यांना सांगा की आपटायचं नाही. फुटका आरसा घरात ठेवू नये असं आपल्याकडे म्हणतात. निदान या बाबतीत ते पाळलेलं बरं, कारण तडकलेली काच दाराच्या प्रत्येक हालचालीने पुढे पुढे फाटत जाते.

काढायला बसण्याआधी कपडे बघा. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पाय झाकणारे बूट, डोळ्यांना साधा पारदर्शक गॉगल. हातमोजे कापापासून बचाव करणारे, विणलेले, तळव्याला रबराचा थर असलेले. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सुती मोजे नकोत, काचेची धार त्यातून सहज आत जाते आणि वर काच हातातून निसटते. जवळपास लहान मूल, मांजर, टेबलफॅन काही नको.

दार उभं असताना आरसा काढू नका. उभ्या आरशात वरचे तुकडे खालच्यांच्या आधारावर उभे असतात, खालचा ओढला की वरचा थेट मनगटावर येतो. (भिंतीवरच्या फुटक्या आरशाला तर दुसरा मार्गच नसतो. तिथे नेहमी वरून सुरुवात करून खाली यायचं.) तुमचं दार बिजागरीतून सोडवता येईल. एकाने दार धरायचं, दुसऱ्याने खालच्या बिजागरीचे स्क्रू आधी आणि वरच्या बिजागरीचे शेवटी काढायचे. जुन्या स्क्रूंच्या खाचेत पॉलिश भरलेलं असतं, ते टोकदार खिळ्याने कोरून घेतलं की स्क्रू ड्रायव्हर घसरत नाही. दार सुटलं की जमिनीवर जाड गोधडी पसरून तिच्यावर आरशाची बाजू खाली करून झोपवा.

आता मागची फळी वर आली. ती चुकांनी (बारीक खिळ्यांनी) नाहीतर स्क्रूने बसवलेली असेल. चुका जंबुराने एकेक उपटायच्या, फळी उचकटायची नाही. फळी निघाली की बऱ्याच वेळा खाली जुनं वर्तमानपत्र सापडतं. त्यावरची तारीख वाचा, आरसा शेवटचा कधी बदलला त्याचा अंदाज येतो. कागद बाजूला केल्यावर आरशाची पाठ दिसेल. तिलाही टेप लावून घ्या. काठाला वाळलेली लांबी (काच बसवायची पुट्टी) असेल तर ती दगडासारखी झालेली असते. हेअर ड्रायरने थोडी ऊब देऊन पातळ ब्लेडने खरवडा. काच आणि लाकूड यांच्या फटीत पटाशी घालून तरफ द्यायचा मोह होईल, तो आवरा. काचेचा काठ तिथल्या तिथे फुटतो आणि चिल्पी थेट तोंडाकडे उडते.

सगळं सुटं झालं की आरशाच्या पाठीवर चौकटीच्या आत मावेल एवढा प्लायचा तुकडा ठेवा, दोघांनी दार आणि प्लाय एकत्र घट्ट धरा आणि सगळं एकदम उलटं करा. आता आरसा प्लायवर पडलेला आहे आणि दार त्याच्यावर. मग दार सरळ वर उचलायचं. म्हणजे आरसा चौकटीतून काढायचा नाही, चौकट आरशावरून उचलून घ्यायची. तुकडे असले तरी जसेच्या तसे प्लायवर राहतात आणि हात काचेला फारसा लागतच नाही.

पाठ नीट बघा. तपकिरी, लालसर किंवा करडा रंग दिसला तर तो नेहमीचा चांदीचा आरसा. त्या रंगाला पॉलिश पेपर मारू नका, जुन्या आरशांच्या पाठीच्या रंगात शिसं असायचं. पण पाठीवर रंगच नाही, नुसता राखाडी धातूचा थर आहे आणि समोरून आरसा निळसर-करडा दिसतोय असं असेल तर हात थांबवा. तो कथील आणि पारा यांचा आरसा असू शकतो. काचेवर चांदी चढवायची रासायनिक रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली, पण पाऱ्याचे आरसे त्यानंतरही १९०० च्या आसपासपर्यंत बनत राहिले. आजीच्या वेळच्या कपाटात तो निघायची शक्यता कमी. गोव्यातल्या किंवा कोकणातल्या फार जुन्या घरांत मात्र निघू शकतो. तो खरवडायचा नाही, गरम करायचा नाही, कापायचा नाही. वर ऊब द्या म्हटलं तेसुद्धा या आरशाला लागू नाही.

यानंतरचं काम बहुतेक जण वगळतात: तडा कुठून निघाला ते शोधणं. काच मध्येच आपोआप तडकत नाही. तडा जवळजवळ नेहमी काठावरच्या एखाद्या टवक्यापासून सुरू होतो, आणि त्या जागी चौकटीत काहीतरी असतं. आत आलेलं चुकेचं टोक, लांबीचा कडक गोळा, किंवा खाचेत, म्हणजे चौकटीच्या मागच्या बाजूला आरसा बसतो त्या पायरीत, काचेला जागाच न ठेवलेली. तुमचा तडा खालच्या कोपऱ्यातला आहे, म्हणजे मला आधी शंका येते की आरसा खालच्या बाजूला लाकडावर नाही, एका चुकेवर टेकला होता. ती जागा बोटांनी (मोजे घालून) चाचपा, चूक असेल तर कापून टाका, खाच पटाशीने साफ आणि सपाट करा. हे केलं नाही तर नवा आरसाही त्याच कोपऱ्यातून जाईल आणि दोष काचवाल्याच्या माथी येईल.

माप समोरून दिसणाऱ्या आरशाचं घ्यायचं नाही, मागच्या खाचेचं घ्यायचं. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, उंची डावीकडे आणि उजवीकडे. सगळ्यांत लहान आकडा धरायचा आणि दोन्ही दिशांना त्यातून ३ मिलिमीटर, म्हणजे एक सूत, कमी करायचं. हे एक सूत लोकांना फार जिवावर येतं. 'फिट्ट बसू दे' म्हणतात. पण पावसाळ्यात चौकटीच्या उभ्या पट्ट्या आडव्या फुगतात आणि खाच आत सरकते. सागवान कमी फुगतं, पण फुगतंच. माप मे महिन्यात घेतलं असेल तर जुलैत ते एक सूत कामाला येतं. लाकूड दबणार नाही, काच दबणार नाही, मग तडा जाणार.

दोन्ही कर्णही मोजा. त्यांत सुताहून जास्त फरक आला तर चौकट गुण्यात (काटकोनात) नाही, आणि जुन्या दारांत हे नेहमीचंच. अशा वेळी आकडे न देता जाड पुठ्ठ्याचा फर्मा (त्याच मापाचा नमुना) कापा, खाचेत बसवून बघा, चारी बाजूंना किंचित हलला पाहिजे, आणि तोच दुकानात न्या. फर्म्याच्या ज्या बाजूला समोरचं तोंड येतं तिथे 'पुढची बाजू' असं लिहा. न लिहिता दिला तर तिरका आरसा उलटा कापला जातो. वरच्या बाजूला कमान असेल तर फर्म्याशिवाय जाऊच नका.

आकडे देणार असाल तर मिलिमीटरमध्ये लिहा, आधी रुंदी मग उंची. दुकानदार इंच-सुतात बोलेल, ८ सुतांचा इंच, तर त्याच्यासमोर त्याच्या टेपवर एकदा ताडून घ्या. साडेचौदा (चौदा इंच चार सूत) ऐकून चौदा-पाच (चौदा इंच पाच सूत) लिहिलं गेलं की भांडण ठरलेलं. बिल बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष मापावर होत नाही. ३ किंवा ६ इंचांच्या पुढच्या टप्प्यावर धरतात, कारण उरलेली पट्टी त्यांच्या कामाची नसते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण उरलेली पट्टी मागून घ्या. तिचा उपयोग पुढे सांगतो.

जाडी जुन्याइतकीच घ्या, ४ किंवा ५ मिलिमीटर. वजनाचा हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटर काच, १ मिलिमीटर जाडी, अडीच किलो. तुमचा आरसा साधारण ५ चौरस फूट, म्हणजे ४ मिलिमीटरचा साडेचार किलोच्या थोडा वर आणि ५ चा पावणेसहाच्या आसपास. जुना ४ चा असताना ५ चा बसवला तर एक किलोहून जास्त भार बिजागरीवर वाढतो आणि शिवाय मागची फळी खाचेत बसत नाही. बेव्हल हवं असेल तर जुन्याची रुंदी मोजून सांगा. ते काम मशीनवर होतं, वेळ लागतो. बेव्हल नको असेल तरी चारी काठ घासून घ्या. काठ खाचेत लपणार आहे, घासायचा कशाला, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. न घासलेल्या काठावर बारीक टवके असतात आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. आरसा ताब्यात घेताना तिरका धरून उजेडात बघा. काठाला काळसर रेषा किंवा ठिपके असतील तर तो शीट दुकानात ओल खात पडलेला आहे, दुसरा मागा. एक मात्र सांगून ठेवतो, नव्या आरशात जुन्यासारखी किंचित लाट दिसणार नाही. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये फ्लोट काचेची पद्धत जाहीर केली तेव्हापासून वितळलेल्या कथिलावर तरंगवलेली काच सपाट येते. काहींना जुनी लाटच आवडते, तिला इलाज नाही.

तरीही स्वतः कापून बघायचंच असेल तर त्या उरलेल्या पट्टीवर बघा, चार फुटी आरशावर नको. आधी कोपऱ्यात 'टफन'चा (तापवून कडक केलेल्या काचेचा) शिक्का नाही ना ते पाहा. टफन काच कापली जात नाही, रेघ मारून तोडायला गेलात की सगळीच दाणे दाणे होऊन पसरते. साधा आरसा टफन नसतो, पण सरकत्या दारांच्या नव्या कपाटांत काहीही असू शकतं.

काच खरं म्हणजे कापत नाहीत, ठरवलेल्या जागी तोडतात. कटरचं चाक किंवा हिरकणी (हिऱ्याचं टोक) वरून फक्त एक बारीक चीर पाडते, बाकीचं काम वाकवण्याने होतं. रेघ आरशाच्या पुढच्या बाजूने, उघड्या काचेवर मारायची, रंगाच्या बाजूने नाही. खाली सपाट टेबल आणि त्यावर सतरंजी. रेघ जाणार तिथली काच पुसून कोरडी करा, चाकाला रॉकेलचा नाहीतर पातळ मशीन तेलाचा थेंब. रेघ आखायची मोजपट्टी सरकू नये म्हणून तिच्या खाली मास्किंग टेप लावा, आणि चाक मोजपट्टीच्या काठापासून दोन-अडीच मिलिमीटर लांब चालतं हे धरून ती ठेवा. कटर उभा धरून पलीकडच्या काठापासून आपल्याकडे एका दमात आणायचा. दाब सारखा, वेग सारखा. बरोबर चाललं असेल तर जुनं धोतर फाडल्यासारखा एकसलग बारीक आवाज येतो. आवाज तुटला म्हणजे रेघ तुटली. रेघेच्या कडेने पांढरी भुकटी उडाली म्हणजे दाब जास्त झाला. आणि एका रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवायचा नाही, कधीच नाही. चाक खराब होतं आणि तडा भलतीकडे पळतो.

रेघ मारली की लगेच तोडा. चहा पिऊन आल्यावर तीच रेघ दगा देते. रेघेच्या बरोबर खाली आगकाडी नाहीतर पेन्सिल ठेवून दोन्ही बाजूंनी तळव्यांनी एकदम, बेताने दाबा. टक् असा आवाज होतो आणि काच सुटते, पण मागचा रंग दोन्ही तुकडे धरून ठेवतो. ते ओढून वेगळे केले तर रंगाबरोबर चांदीचा काठही सोलून येतो. घडी घातल्यासारखं किंचित वाकवून मागून ब्लेड फिरवा. इंचाहून अरुंद पट्टी हाताने तोडायची नाही, त्याला काचेची पक्कड असते. गोल कापणं आणि भोकं पाडणं घरी करूच नका.

आरसा घरी नेताना उभा न्यायचा. आडवा धरला की काच स्वतःच्याच वजनाने लवते. रिक्षात सीटवर पुठ्ठा, त्यावर आरसा उभा, बाजूला तुम्ही. निसटला तर झेलायला जायचं नाही, मागे सरायचं. हे आधी मनाशी ठरवलेलं असावं लागतं, कारण हात आपोआप पुढे जातो.

बसवण्याचं काम या सगळ्याच्या मानाने शांत आहे. दार पुन्हा आरशाची बाजू खाली करून झोपवा. लाकडाला पॉलिश करायचं असेल तर ते आधी करून पूर्ण वाळू द्या. आरशाच्या काठांना आणि मागच्या कडेला पारदर्शक लॅकरचा एक हात द्या, बेव्हलवर न सांडता. चांदीचा थर केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट पातळ असतो आणि ओल त्यात काठाकडूनच शिरते. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या बाजारपेठेतली कपाटं दुरुस्तीला आली तेव्हा काचा धड, पण आरसे चारी बाजूंनी काळे पडलेले, मधला चौकोन तेवढा उजळ. पूर राहू द्या, समुद्राकाठच्या घरात तेच हळूहळू होतं.

खाचेच्या खालच्या बाजूला, दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर, रबराचे दोन पातळ तुकडे ठेवा. दार उभं झाल्यावर आरशाचा भार त्यांच्यावर यायला हवा, लाकडावर किंवा चुकेवर नाही. आरसा ठेवा, वर पातळ फोमचा कागद, मग मागची फळी. पुन्हा वर्तमानपत्र घालू नका, कागद ओल धरून ठेवतो. फळीला चुका ठोकण्यापेक्षा लहान स्क्रू लावा, सागवानात आधी बारीक भोक पाडून. चुकाच लावायच्या असतील तर हातोडी काचेला समांतर सरकवत मारायची आणि मध्ये जाड पुठ्ठा धरायचा.

चिकटवायची गरज इथे नाही. पण कुणी सिलिकॉन लावायला सांगितलंच, किंवा पुढेमागे भिंतीवर आरसा लावलात, तर ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं असेल तेच घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नेहमीचं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, आणि काही महिन्यांत समोरून त्याचे डाग दिसायला लागतात. भिंतीवर लावताना सिलिकॉनचे गोळे नाही, उभ्या पट्ट्या ओढा, म्हणजे मागे हवा खेळते आणि ओल खाली उतरून जाते.

हाताला लागलंच तर साध्या कापाला वाहतं पाणी आणि पट्टी. काच आत रुतली असेल तर ती उपटू नका, बाजूने दाब द्या, हात वर धरा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. डोळ्यात कण गेला असं वाटलं तर चोळायचं नाही.

जमिनीवरचे बारीक कण आधी झाडूने, मग ओल्या वर्तमानपत्राने टिपून घ्या. फुटके तुकडे कागदात गुंडाळून खोक्यात, खोक्यावर टेप आणि मोठ्या अक्षरांत 'फुटकी काच'. खोकं घंटागाडीच्या माणसाच्या हातात सांगून द्या, पिशवीत घालून कचऱ्यात लोटू नका. ती पिशवी पुढे कुणीतरी उघड्या हाताने उचलतं. बाटल्यांच्या काचेतही टाकू नका, मागच्या रंगामुळे ती वेगळी धरावी लागते.

राहिला बेसिनवरचा लहान आरसा. निघेल, पण जुनी काच कापायला हट्टी असते. वर्षानुवर्षांच्या बारीक ओरखड्यांमुळे रेघेवर सरळ तुटेलच असं नाही. तड्याच्या टोकापासून किमान तीन इंच सोडूनच रेघ मारावी लागते, नाहीतर नवी रेघ जुन्या तड्याला जाऊन मिळते. बेव्हल एका-दोन बाजूंनाच राहील, आणि जुन्या पाठीला बेसिनवरची ओल मानवणार नाही. त्यापेक्षा तो पॅसेजमध्ये, कोरड्या भिंतीवर लावा. कापायला दुकानातच द्या, आणि काचवाला 'फुटली तर जबाबदारी माझी नाही' म्हणाला तर त्यात लबाडी नाही, जुन्या काचेला हीच अट असते. मान्य असेल तरच द्या.